रुमालाखालचा भाव

३ सप्टेंबर २०२५ रोजी वस्तू व सेवा कर परिषदेची छप्पन्नावी बैठक झाली. करांच्या दरांत त्या दिवशी मोठे फेरफार जाहीर झाले आणि साबणापासून मोटारीपर्यंत काय स्वस्त होणार याच्या याद्यांनी वृत्तपत्रांचे रकाने भरून गेले. या गलबल्यात एक छोटा निर्णय बहुतेकांच्या नजरेतून निसटला. ऑनलाइन बाजारपेठांतून एकाहून अधिक राज्यांत माल पुरवणाऱ्या लहान विक्रेत्यांसाठी नोंदणीची सोपी पद्धत आणण्यास परिषदेने तत्त्वतः मान्यता दिली. हा निर्णय ज्यांच्यासाठी होता त्यांच्यापैकी अनेकांना तो कळलाही नसेल. गोधड्या शिवणारा बचत गट, चपला करणारा कारागीर, शिकवण्या सांभाळून मातीचे दागिने घडवणारी विद्यार्थिनी, निवृत्तीनंतर जुनी पुस्तके विकणारा शिक्षक ही मंडळी परिषदेच्या बैठकांचे इतिवृत्त वाचत नाहीत. ती वाचतात, किंवा पाहतात, ते वेगळेच. ‘घरबसल्या विका, देशभर विका’ असे सांगणाऱ्या वर्गांना आणि चित्रफितींना सध्या तोटा नाही. छायाचित्र कसे काढावे, नाव कसे द्यावे, सणाच्या हंगामात सूट किती ठेवावी, याचे पाठ त्यांत मिळतात.

हे पाठ निरुपयोगी आहेत असे नव्हे. परंतु विक्री होते की नाही हे केवळ विक्रेत्याच्या हुशारीवर अवलंबून असते, असा समज ते करून देतात; आणि तो समज अपुरा, म्हणूनच धोक्याचा आहे. ऑनलाइन बाजारपेठ ही शेवटी बाजारपेठच असते. तिला मालक असतो, तिच्यात जागेचे भाडे असते, अडत असते, तोलाई असते. जो विक्रेता हे ओळखतो तो चार पैसे मिळवतो. जो ओळखत नाही तो माल विकूनही नुकसानीत जातो आणि आपलेच काही तरी चुकले असावे अशा समजुतीने गप्प बसतो.

पेठ जुनी, छप्पर नवे

कोणत्याही मालकाच्या मध्यस्थीने अनोळखी माणसांनी एकमेकांशी सौदा करावा, ही कल्पना इंटरनेटबरोबर जन्मलेली नाही. इंटरनेटवर तिला मोठे रूप १९९५ मध्ये अमेरिकेत ‘ईबे’ने दिले. भारतात २००० मध्ये ‘बाझी’ ही लिलावपेठ सुरू झाली आणि २००४ मध्ये ईबेनेच ती विकत घेतली. २००७ मध्ये बंगळुरात पुस्तके विकण्यापासून ‘फ्लिपकार्ट’ची सुरुवात झाली, २०१३ मध्ये ‘ॲमेझॉन’ने भारतातील दुकान उघडले आणि २०१८ मध्ये ‘वॉलमार्ट’ या अमेरिकन कंपनीने सोळा अब्ज डॉलर मोजून फ्लिपकार्टचा सुमारे ७७ टक्के हिस्सा घेतला. परकीय भांडवल असलेल्या कंपनीने स्वतःचा माल ठेवून थेट ग्राहकाला ऑनलाइन विकावा, याला भारतीय धोरणाची परवानगी नाही. तिने फक्त पेठ चालवावी आणि माल इतरांनी विकावा, अशी त्यामागची भूमिका आहे. म्हणजे या मोठ्या पेठांना लहान विक्रेत्याची गरज केवळ सोयीची नाही, ती धोरणातूनच निर्माण झालेली आहे.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा वाटण्याचे कारण नाही. वऱ्हाडातील कारंजा येथे १८८६ मध्ये कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. देशातला तो पहिला मानला जातो. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला आणि पुढे १९६३ च्या कायद्याने महाराष्ट्रातील कृषी उत्पन्न बाजार समित्यांची घडी बसली. या साऱ्या खटाटोपामागची तक्रार एकच होती. शेतकरी गाडी भरून माल घेऊन येई. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरवीत. वजन कोणाचे, कपात कशाची, अडत किती, हे त्याला पट्टी हाती पडल्यावरच कळे. म्हणून कायद्याने उघड लिलाव, तपासलेली वजने आणि ठरलेली अडत यांचा आग्रह धरला. अडत कोणी द्यायची यावर तर वाद इतका लांबला की, फळे व भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी, हा निर्णय व्हायला २०१६ साल उजाडावे लागले. बाजार समित्यांनी हे सारे हेतू पार पाडले असे कोणी म्हणणार नाही. पण निदान प्रश्न बरोबर विचारला गेला होता. पडद्यावरच्या पेठेत रुमाल दिसत नाही, एवढ्यावरून तो नाहीच असे समजणे भाबडेपणाचे ठरेल.

दहा नग पाठवले, आठ विकले, तोटा झाला

विक्रेत्याच्या दृष्टीने पहिली आणि सर्वांत महत्त्वाची विद्या म्हणजे हिशेब. बहुतेक नवे विक्रेते कच्चा माल आणि मजुरी यांवर थोडा नफा चढवून किंमत लावतात. पेठेची कपात नंतर पाहू, असे म्हणतात. एक कल्पित उदाहरण घेतले म्हणजे यातला खड्डा दिसतो. एका बचत गटाने केलेली कापडी वस्तू पेठेवर ६०० रुपयांना लावली आहे. तिचा कच्चा माल व मजुरी मिळून खर्च ३०० रुपये. पाहणाऱ्याला नफा दुप्पट वाटेल. पेठेचे कमिशन १२ टक्के धरले तर ७२ रुपये झाले. प्रत्येक नगामागचा ठरीव आकार २५ रुपये, वाहतुकीचे ७५ रुपये, आणि या १७२ रुपयांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे सुमारे ३१ रुपये. खोके, कागद, चिकटपट्टी यांचे १५ रुपये. एकूण २१८ रुपये वजा जाऊन हाती ३८२ रुपये येतात आणि खरा नफा नगामागे ८२ रुपये उरतो.

ही झाली सरळ विक्रीची गोष्ट. आता दहा नग पाठवले आणि त्यांतील दोन परत आले, असे समजावे. कपडे आणि पादत्राणे यांच्या व्यवहारात ही कल्पना मुळीच अतिशयोक्त नाही. परत आलेल्या नगाची जाण्यायेण्याची वाहतूक १५० रुपये, तिच्यावरचा कर २७ आणि वाया गेलेले बांधणीचे सामान १५, असा प्रत्येकी १९२ रुपयांचा भुर्दंड बसतो. आठ नगांचा नफा ६५६ रुपये, त्यातून दोन परतींचे ३८४ गेले, उरले २७२. त्या दोनांपैकी एक नग डाग पडून किंवा वापरून परत आला आणि पुन्हा विकण्याजोगा राहिला नाही, तर त्याचे ३०० रुपयेही गेले. दहा नग रवाना झाले, आठ ग्राहक समाधानी झाले, आणि गटाच्या वहीत २८ रुपयांचा तोटा लागला. जाहिरातीचा खर्च यात धरलेलाच नाही. आकार पेठेगणिक आणि वस्तूगणिक निराळे असतात. पण हिशेबाची रीत हीच आहे, आणि माल पेठेवर चढवण्यापूर्वी ती वहीत मांडणे हे शंभर युक्त्यांपेक्षा मोलाचे आहे.

‘शून्य कमिशन’ या घोषणेकडेही याच वहीतून पाहिले पाहिजे. ‘मीशो’ने २०२१ मध्ये विक्रेत्यांकडून कमिशन न घेण्याचे धोरण स्वीकारले. २०२५ मध्ये ॲमेझॉनने ३०० रुपयांखालील आणि फ्लिपकार्टने १,००० रुपयांखालील मालावर तशाच सवलती जाहीर केल्या. लहान विक्रेत्याला यातून दिलासा मिळाला हे मान्यच केले पाहिजे. परंतु कमिशन शून्य म्हणजे खर्च शून्य नव्हे. पेठ आपले उत्पन्न कमिशनातून काढत नसेल तर वाहतुकीतून आणि जाहिरातीतून काढते. अडत माफ झाली आणि हमाली व जागेचे भाडे उरले, तर शेतकऱ्याने पट्टीची शेवटची ओळ पाहायची असते. इथेही तेच.

परतीचा भार कमी करण्याचे उपाय पेठेच्या नव्हे तर विक्रेत्याच्या हातात आहेत, म्हणून त्यांचा उल्लेख आवश्यक आहे. परत येणाऱ्या मालाचे मोठे कारण ग्राहकाची लबाडी हे नसते. वस्तू आणि तिचे वर्णन यांत पडलेले अंतर हे असते. मापे सेंटिमीटरमध्ये द्यावीत, कारण ‘मध्यम’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक घरात वेगळा असतो. छायाचित्र दिवसाच्या उजेडात काढावे आणि रंग खुलवण्याचा मोह टाळावा. हाताने विणलेल्या वस्तूत धागा कुठे जाड तर कुठे बारीक असतो, हे आधीच लिहावे. मग तो दोष न राहता ओळख ठरते. माल बांधताना आणि परत आलेला उघडताना चित्रण करून ठेवावे, कारण वाद झालाच तर पेठेसमोर पुरावा तेवढाच असतो.

नाव, साक्ष आणि कायदा

वर्णन खरे असणे हा आता केवळ सचोटीचा प्रश्न उरलेला नाही. वेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ परिमाण, कमाल किरकोळ किंमत इत्यादी तपशील वेष्टनावर द्यावे लागतात. १ जानेवारी २०१८ पासून ते ऑनलाइन विक्रीच्या पानावर दाखवणेही बंधनकारक झाले. ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनी विक्रेत्यावर आणखी जबाबदाऱ्या टाकल्या. सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घेण्यास त्याला नकार देता येत नाही. ग्राहकाच्या नावाने खोटे अभिप्राय लिहिता येत नाहीत. तक्रारीची पोच अठ्ठेचाळीस तासांत आणि निवारण महिन्याभरात करावे लागते. भावाबहिणींकडून आणि मित्रमंडळींकडून पाच तारे मिळवण्याचा सल्ला काही वर्गांत खुशाल दिला जातो. तो कायद्याला सोडून आहे हे शिकवणारा सांगत नाही.

महाराष्ट्राच्या कारागिरीला या बाबतीत एक विशेष दुखणे आहे. सोलापुरी चादर, पैठणी, कोल्हापुरी चप्पल या नावांना भौगोलिक मानांकनाचे संरक्षण आहे. २०२५ मध्ये ‘प्रादा’ या इटालियन कंपनीने मिलानमधील प्रदर्शनात कोल्हापुरीसारखी पादत्राणे मूळ कारागिरांचे नाव न घेता मांडली, तेव्हा महाराष्ट्रात संताप झाला आणि कंपनीला आपल्या प्रेरणेचे मूळ मान्य करावे लागले. तो संताप योग्यच होता. परंतु त्याच नावाखाली रेक्झिनच्या आणि यंत्रावर घडवलेल्या चपला ऑनलाइन पेठांत वर्षानुवर्षे दिसत आल्या आहेत, त्याबद्दल तसा गवगवा क्वचितच होतो. मिलानमधली नक्कल एका दिवसाची बातमी होती. पेठेतली नक्कल रोज खऱ्या कारागिराचा भाव पाडते. अस्सल माल विकणाऱ्याने मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंदणी करून घ्यावी, चामडे कोणते, कमावण्याची रीत कोणती, शिवण कशाची, हे पानावर स्पष्ट लिहावे. स्वस्त नकलेशी किमतीत स्पर्धा करून तो कधीच जिंकणार नाही. फरक समजावून सांगणे हीच त्याची विक्रीकला आहे.

कपाट विकणाऱ्याची फसवणूक

धंदा म्हणून नव्हे, तर घर बदलताना जुने कपाट, मुलाची सायकल किंवा वापरलेला मोबाइल विकणाऱ्यांचा वर्गही मोठा आहे. आणि नोकरदार कुटुंबांचा ऑनलाइन विक्रीशी संबंध मुख्यतः इथेच येतो. या व्यवहारातली फसवणूक आता ठरावीक वळणाची झाली आहे. जाहिरात लागते न लागते तोच एक ग्राहक घासाघीस न करता सांगितलेली किंमत मान्य करतो. आपण लष्करात असून बदलीच्या गावी आहोत, त्यामुळे प्रत्यक्ष येता येत नाही, असे सांगून गणवेशातल्या माणसाचे ओळखपत्रही पाठवतो. मग ‘पैसे जमा करण्यासाठी’ एक चौकोनी संकेतचित्र धाडतो आणि ते स्कॅन करून गुप्त क्रमांक टाकायला सांगतो. क्रमांक टाकताच पैसे येण्याऐवजी जातात. पैसे घेण्यासाठी गुप्त क्रमांक कधीही टाकावा लागत नाही. तो टाकला म्हणजे पैसे दिलेच, एवढे एक वाक्य प्रत्येक घराच्या भिंतीवर लिहून ठेवण्याजोगे आहे. तरीही फसवणूक झाली तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी. या कामात तासांचे नव्हे, मिनिटांचे महत्त्व असते, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी ती गोठवण्याची शक्यता तेवढ्याच काळात असते.

स्कूटर किंवा मोटार विकणाऱ्याने आणखी एक गोष्ट विसरू नये. पैसे मिळाले आणि किल्ली दिली म्हणजे वाहन विकले गेले असे कायदा मानत नाही. परिवहन कार्यालयाच्या नोंदीत ज्याचे नाव, तो मालक. अपघात झाल्यास भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. हस्तांतराचे अर्ज दाखल होईपर्यंत व्यवहार पुरा झाला असे समजणे म्हणजे दुसऱ्याच्या बेफिकिरीचा जामीन राहण्यासारखे आहे.

गडचिरोली जवळ, निपाणी दूर

आता त्या झाकोळलेल्या निर्णयाकडे पुन्हा वळता येईल. महाराष्ट्रात केवळ वस्तू विकणाऱ्या आणि राज्यातच व्यवहार करणाऱ्या दुकानदाराला वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांपर्यंत असेल तर वस्तू व सेवा कराची नोंदणी लागत नाही. पण तोच माल ऑनलाइन पेठेतून विकायचा म्हटले की २०१७ च्या कायद्याने पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची केली होती. म्हणजे उंबरठ्यावर बसून विकणाऱ्याला सूट आणि पडद्यावरून विकणाऱ्याला सक्ती, असा उफराटा न्याय सहा वर्षे चालला. १ ऑक्टोबर २०२३ पासून तो सैल झाला. उलाढालीच्या मर्यादेत राहणारा विक्रेता आता पॅन क्रमांकाच्या आधारे नावनोंदणी करून, पूर्ण नोंदणीवाचून, पेठेवर माल लावू शकतो.

मात्र एक अट राहिली. माल राज्याबाहेर जाता कामा नये. त्यामुळे कोल्हापूरचा नोंदणीविना विक्रेता पेठेतून महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाला गडचिरोलीला माल पाठवू शकतो. पण तासाभराच्या वाटेवरच्या निपाणीला पाठवू शकत नाही. ‘देशभर विका’ ही घोषणा अशी राज्याच्या सीमेवर येऊन थांबते. नोंदणी केली तर ती ओलांडता येते आणि पेठेच्या आकारांवर भरलेल्या कराची वजावटही मिळते. पण विवरणपत्रांचा व्याप आणि सल्लागाराची फी मागे लागते. त्यापुढे जाऊन माल लवकर पोचावा म्हणून तो परराज्यातील पेठेच्या गोदामात आधीच नेऊन ठेवायचा, तर त्या राज्यात निराळी नोंदणी आणि तिथल्या जागेची कागदपत्रे लागतात. सोपी पद्धत आणण्याचा २०२५ चा संकल्प मुख्यतः या शेवटच्या अडचणीपुरता आहे. तो स्वागतार्ह आहे. पण नोंदणीविना विक्रेत्याची निपाणी त्याने जवळ येत नाही.

करांचे दुसरे अंग कपातीचे. पेठ विक्रेत्याला पैसे देताना आयकराची कपात करते. १ ऑक्टोबर २०२४ पासून तिचा दर एक टक्क्यावरून ०.१ टक्क्यावर आला. नोंदणीकृत विक्रेत्याकडून वस्तू व सेवा करापोटी होणारी वसुलीही १० जुलै २०२४ पासून एक टक्क्याची अर्धा टक्का झाली. हे दर लहान दिसले तरी रक्कम विक्रेत्याचीच असते आणि विवरणपत्र भरून ती परत किंवा वळती करून घ्यावी लागते. वही न ठेवणारा विक्रेता हे पैसे सोडून देतो.

रुमाल कोण उचलणार?

विक्रेत्याने हिशेब केला, वर्णन खरे लिहिले, नोंदणी पुरी केली. तरीही एक गोष्ट त्याच्या हातात राहत नाही. ग्राहकाने ‘सुती चादर’ असे लिहून शोध घेतला की शेकडो चादरींपैकी कोणती पहिल्या पानावर दिसावी आणि कोणती चाळिसाव्या, हे पेठ ठरवते. चाळिसाव्या पानावर कोणी जात नाही. पहिल्या पानासाठी जाहिरातीचे पैसे मोजावे लागतात, आणि ते मोजणाऱ्यांत चढाओढ लागली की जाहिरात ही ऐच्छिक न राहता दुसरी अडत होते. खाते अचानक बंद झाले, तर गोदामातला माल आणि अडकलेले पैसे घेऊन विक्रेता यंत्राने दिलेल्या ठरीव उत्तरांशी पत्रव्यवहार करीत राहतो. जुन्या बाजारात अडत्याशी भांडता तरी येत असे.

पेठेचा मालकच मागच्या दाराने विक्रेता होतो का, हा प्रश्न याहून गंभीर आहे. १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झालेल्या धोरणाने परकीय भांडवलाच्या पेठांना काही बंधने घातली. ज्या कंपनीत पेठेचे भागभांडवल आहे तिला त्या पेठेवर विकता येणार नाही. एखाद्या विक्रेत्याची पंचवीस टक्क्यांहून अधिक खरेदी पेठेच्याच गटातून होत असेल तर त्याचा माल पेठेच्या ताब्यातला समजला जाईल. सर्व विक्रेत्यांना सेवा भेदभावाविना द्यावी लागेल. जानेवारी २०२० मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने ॲमेझॉन आणि फ्लिपकार्ट काही निवडक विक्रेत्यांना झुकते माप देतात, या तक्रारीवरून चौकशीचा आदेश दिला. कंपन्यांनी आरोप नाकारले आणि आदेशाला न्यायालयांत आव्हान दिले. चौकशी थांबवण्यास सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये नकार दिला. लहान विक्रेत्याच्या दृष्टीने या घटनाक्रमातली लक्षात घेण्याजोगी बाब म्हणजे लागणारा काळ. मोठ्या कंपन्या वर्षांच्या मापाने लढतात. बचत गटाचे भांडवल दोन हंगामांत संपते.

२०२० च्या नियमांनी पेठांना मालाचा क्रम ठरवणारे मुख्य निकष सोप्या भाषेत सांगण्यास भाग पाडले. हा रुमालाचा एक कोपरा उचलण्याचाच प्रयत्न होता. परंतु ते नियम मुळात ग्राहकाच्या संरक्षणासाठी केलेले आहेत. विक्रेत्याचे खाते बंद करण्यापूर्वी किती दिवस आधी आणि कोणत्या कारणासह कळवावे, याची मुदत त्यांत नाही. युरोपीय संघाने २०१९ मध्ये केलेल्या नियमांत ती घातली गेली. अटी बदलायच्या तर निदान पंधरा दिवसांची सूचना. खाते कायमचे बंद करायचे तर सामान्यतः तीस दिवसांची सूचना आणि लेखी कारणे. अशी तरतूद भारतात करण्यासाठी फार मोठ्या क्रांतीची गरज नाही. कारंज्याच्या बाजारात वजने तपासण्याचा नियम करताना जेवढी इच्छाशक्ती लागली तेवढी पुरे.

सरकारने आणखी एक वाट काढून पाहिली. डिसेंबर २०२१ मध्ये स्थापन झालेले आणि एप्रिल २०२२ पासून निवडक शहरांत अजमावले गेलेले ‘ओएनडीसी’ ही पेठ नसून अनेक पेठांना जोडणारा सामायिक रस्ता आहे. विक्रेत्याने एका ठिकाणी माल लावावा आणि तो निरनिराळ्या ठिकाणच्या ग्राहकांना दिसावा, म्हणजे कोणा एका मालकाच्या मर्जीवर तो राहणार नाही, ही त्यामागची कल्पना. ती योग्य आहे. परंतु रस्ता बांधला म्हणजे वर्दळ सुरू होतेच असे नाही. ग्राहक विश्वासामागे जातो. माल बिघडला तर जबाबदार कोण, याचे उत्तर अनेक हातांत विभागलेले असेल तर तो ओळखीच्या पेठेकडेच वळतो. सार्वजनिक रस्त्यालाही पोलीस चौकी आणि दिवे लागतात.

या परिस्थितीत लहान विक्रेत्याला दिला जाणारा सर्वांत शहाणपणाचा सल्ला छायाचित्रांचा किंवा सुटीचा नाही. पेठेचा उपयोग करावा, पण पेठेवर सर्वस्व ठेवू नये, हा आहे. एकाहून अधिक पेठा, गावातले एक दुकान, वर्षातून एखादे प्रदर्शन आणि स्वखुशीने पुन्हा मागणी करणाऱ्या ग्राहकांची एक साधी वही, एवढ्या चार खांबांवर उभा असलेला धंदा एका खात्याच्या बंद होण्याने कोसळत नाही. कर्ज काढून गोदाम भरण्यापूर्वी पंचवीस नग विकून पाहावेत आणि परतीसकट हिशेब मांडावा. प्रत्येक महिन्याची पेठेची पट्टी ओळीने वाचावी. न समजलेल्या कपातीचे कारण लेखी विचारावे.

अर्थात एकट्याने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळतेच असे नाही. शेतकऱ्याला उघड लिलाव मिळाला तो शेतकऱ्याच्या हुशारीमुळे नव्हे. रुमालाखाली भाव ठरणे अन्याय्य आहे, हे समाजाने आणि सरकारने मान्य केले म्हणून मिळाला. पडद्यावरच्या पेठेतील विक्रेते विखुरलेले आहेत. त्यांचा एक कट्टा नाही, एक आवार नाही, त्यामुळे त्यांचा संप होत नाही आणि मोर्चाही निघत नाही. त्यांचे नुकसान घरोघरच्या वह्यांत, बहुधा न लिहिलेल्या वह्यांतच, राहून जाते. म्हणूनच त्यांच्या वतीने प्रश्न विचारण्याची जबाबदारी इतरांवर येते. नोंदणीची सोपी पद्धत आणणे हे पेठेचे दार उघडण्यासारखे आहे. दाराच्या आत तराजू कोणाचा आणि तो तपासतो कोण, याचे उत्तर अद्याप द्यायचे राहिले आहे.